कोळी नको आणि कोळी नकोच

गणपती गेले की माझ्याकडे कोळी येतात. म्हणजे कोळ्यांना घाबरणारी माणसं समुपदेशनासाठी येतात. पक्षपंधरवडा लागतो, नवरात्राच्या आधी घर काढायचं असतं, माळे रिकामे होतात आणि मला फोन यायला लागतात, "मॅडम हसू नका पण..." यावर्षी दसऱ्याच्या आत चार आले. त्यातले एक तर भोसरीला लेथ मशीनवर काम करणारे गृहस्थ, एका बोटाचं टोक मशीनमध्ये गेलेलं, त्याचं ते हसत हसत सांगतात, पण बाथरूममध्ये कोळी दिसला की टॉवेल घेऊन शेजारी आंघोळीला जातात. तेव्हा म्हटलं दरवर्षी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकू.

एक केस सांगते. तिची परवानगी घेतलीये, तपशील बदललेत. नाव देत नाही, खोटंसुद्धा नाही, कारण मागे एकदा खोटं नाव दिलं तर त्याच नावाच्या दुसऱ्या बाईंचा फोन आला की माझ्याबद्दल का लिहिलंत.

ती पस्तिशीची, वारज्याला टू बीएचके, मागे टेकडी, पहिला मजला. सॉफ्टवेअरमधली, बरेचसे दिवस घरून काम. नवरा हिंजवडीला. मुलगी दुसरीत. पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाली, "मॅडम, मला घरात एकही कोळी नकोय."

"एकही?"

"एकही नाही. वर्षात तीनदा पेस्ट कंट्रोल केलं, तरी आहेतच."

आता पेस्ट कंट्रोलचं असं आहे की ते लोक ओट्याखाली, कडेकडेने, सिंकमागे मारतात, झुरळ तिथून चालतं म्हणून मरतं. छताच्या कोपऱ्यात स्वतःच्याच जाळ्यावर उलटा टांगलेला कोळी तिथे चालायला येतोच कशाला. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली म्हणजे उपायच नाही का. म्हटलं तुम्ही ज्याला उपाय म्हणताय तो नाही.

तिने गुगल करून बरंच वाचलं होतं. शरद ऋतू आला, बाहेर थंडी पडायला लागली की कोळी उबेसाठी घरात घुसतात वगैरे. मी विचारलं, ऑक्टोबरमध्ये पुण्यात थंडी? पंखा फुल्ल करून झोपतो आपण. ते सगळं विलायतेचं आहे. तिकडे सप्टेंबरच्या सुमाराला घरातल्या कोळ्यांचे नर जाळं सोडून मादीच्या शोधात भटकायला लागतात, म्हणून ते जमिनीवर, बाथटबमध्ये दिसतात, आणि त्यातले पुष्कळसे आधीपासून घरातच असतात. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. पावसाळाभर चिलटं, पतंग, डास यांची चंगळ असते, ते खाऊन खाऊन कोळी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चांगले मोठे झालेले असतात, आणि नेमकं त्याच वेळी आपण झाडू आणि स्टूल घेऊन त्यांच्या घरात जातो. वर्षभर न हलवलेली ट्रंक आपण हलवतो. म्हणजे कोण कोणाकडे घुसलं?

ती हसली. पण हसण्याने भीती जात नाही हे बावीस वर्षांत मला कळलेलं आहे, माहितीनेही फारशी जात नाही. तरी माहिती द्यावी लागतेच, नाहीतर माणूस कल्पनेतल्या प्राण्याशी भांडत बसतो. म्हणून एका बैठकीत आम्ही फक्त तिच्या घरात कोण कोण राहतं ते बघितलं. एक तो लांब, दोऱ्यासारख्या पायांचा, कोपऱ्यात उलटा लटकणारा, झाडू लागला की जाळ्यासकट गरगर थरथरतो तो. ती थरथर म्हणजे हल्ला नाही, आपण कुठे आहोत हे समोरच्याला धड दिसू नये म्हणून केलेली धडपड. दुसरा लहानसा, उड्या मारणारा, समोर दोन मोठे डोळे, वळून आपल्याकडे बघतो. आणि तिसरा जो खरा खलनायक, मोठा, चपटा, तपकिरी, पाय पसरले तर तळहाताएवढा, रात्री भिंतीवर अचानक दिसतो आणि सटकन कपाटामागे. हा जाळं विणतच नाही, पळून शिकार करतो, आणि झुरळं खातो. मादी पोटाखाली पांढरी चपटी गोल पिशवी घेऊन फिरते, त्यात अंडी. मुद्दाम हातात धरून दाबला तर हा चावू शकतो, दुखतं, सूज येते, पण घरातल्या या तिघांपैकी कोणी माणसाच्या जिवावर उठणारं नाही.

आणि ते "कोळी चिरडला" प्रकरण. सकाळी मानेवर लाल पट्टा, फोड, आग आग, की सासूबाई म्हणणार कोळी चिरडला. पावसाळ्यात बरेचदा तो गुन्हा एका काळ्या-केशरी, मुंगीसारख्या बारीक किड्याचा असतो, पेडेरस म्हणतात त्याला. ट्यूबलाईटला येतो, मानेवर आला की आपण झोपेत चिरडतो, त्याच्यातला द्रव लागून दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखं होतं. अंगावर दिसला तर फुंकून उडवा, चिरडलाच तर साबण-पाण्याने धुवा. आणि फोड एकाच बाजूला ओळीने येत असतील तर ती नागीण असू शकते, तिथे घरगुती लेप लावत बसू नका, पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालेलं बरं असतं. कोळ्याच्या नावावर हे सगळं खपतं बिचाऱ्याच्या.

तर केस. मी तिला नेहमीप्रमाणे खोलात नेलं. कोळी दिसला तर काय होईल? अंगावर येईल. आला तर? ओरडेन. ओरडलात तर? मुलगी बघेल. बघितलं तर? "ती पण माझ्यासारखी होईल." इथे डोळ्यांत पाणी. मग शुक्रवार पेठेतल्या वाड्याची गोष्ट निघाली, मागच्या बाजूचे संडास, रात्री बॅटरी घेऊन जायचं, दारावर बसलेला कोळी, मामेभावाने बाहेरून लावलेली कडी. मी ऐकून घेतलं. पण मी बालपण फार उकरत बसणाऱ्यातली नाही, यावरून काही सहकारी माझ्याशी वाद घालतात, घालू देत. कडी लावणारा मामेभाऊ आता कॅनडात आहे, कडी आज कोण लावतंय हे मला बघायचं असतं.

आणि इथे माझं चुकलं. मी तिला मोबाईलवर फोटो बघायला दिले, रोज थोडे थोडे, लांबून जवळून. पठ्ठीने आठवड्यात सगळे पार केले, मी खूश. दोन दिवसांनी दुपारी चार वाजता हॉलमध्ये कोळी दिसला, तिने नवऱ्याला हिंजवडीहून बोलावलं, तो त्या ट्रॅफिकमधून तास-दीड तासाने आला, तोवर कोळी गायब. सोफा हलवला, कपाट हलवलं, नाही सापडला. त्या रात्री तिघंही लाईट चालू ठेवून गॅलरीच्या दाराशी गाद्या टाकून झोपले. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं आणि त्यात काय लिहिलंय ते मला दिसलंच नाही.

ते दिसलं पाचव्या बैठकीत. ती बोलता बोलता थांबली, नजर माझ्या डोक्यावरून मागे. पडद्याच्या दांडीपाशी तो लांब पायांचा लटकत होता, माझ्याच खोलीत. मी म्हटलं आपण आतल्या खोलीत बसू या का? हे खरं तर मी विचारायला नको होतं, पळवाट काढून देणं आमच्या कामात बसत नाही, पण तोंडातून गेलं.

ती पटकन म्हणाली, "नको नको. इथून दिसतोय तेवढा बराय. आत गेलो तर तो कुठे गेला कळणार नाही."

मी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे दिसतोय तो चालतो?"

"चालतो असं नाही... परवडला."

"मग न परवडणारा कुठला?"

बराच वेळ गेला. बाहेर रिक्षावाल्याचं आणि कोणाचं तरी भाड्यावरून वाजलेलं सगळं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "जो मगाशी होता आणि आता नाहीये."

इतकी वर्षं मी कोळ्याच्या भीतीवर काम करते आणि हे इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं. तिला कोळ्याची भीती होती, खोटं नाही, पण रात्रभर जागवणारी भीती कोळ्याची नव्हती, तो कुठे आहे हे माहीत नसण्याची होती. फोटोतला कोळी कुठे जात नाही म्हणून फोटो तिने सहज पार केले. मी हळूच विचारलं, आणखी काय काय कुठे आहे हे तुम्हाला सारखं माहीत असावं लागतं? स्कूल बसचं अ‍ॅप दिवसातून किती वेळा? नवऱ्याचं लाईव्ह लोकेशन? ती म्हणाली, "लोकेशन बंद असलं की मला काम सुचतच नाही. माहीत असायलाच हवं ना मॅडम."

"असायलाच" मधला तो च मी ऐकला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने माणसाच्या अशा हट्टांवरचा सगळा खटला इंग्रजीत "मस्ट" या शब्दावर चालवला, त्यांना पूर्ण शब्द लागतो, आपल्या भाषेत एका अक्षरात काम होतं. माझ्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगते, क्लायंट बोलत असताना च शोधा. कोळी नको हे अगदी रास्त आहे, मलाही नको असतो. कोळी नकोच म्हटलं की मग सोफा हलवणं आलं, पेस्ट कंट्रोल आलं, दीड तासाचा नवरा आला. च सोडायचा म्हणजे कोळी आवडून घ्यायचा असं मुळीच नाही, एवढंच की नकोसा वाटत असूनही तो असू शकतो आणि मी त्याच घरात स्वयंपाक करू शकते.

त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं तिथेच बसलो, मी, ती आणि तो. उठताना ती म्हणाली, "मॅडम तो हललाच नाही."

"आणि तुम्ही?"

"मी पण नाही." स्वतःचंच आश्चर्य वाटल्यासारखं बघत होती.

पुढचं काम सोपं नव्हतं पण सांगण्यासारखं थोडंच आहे. कोळी दिसला की नवऱ्याला फोन नाही. दारात उभं राहायचं, भीती आपोआप उतरायला लागेपर्यंत तिथून हलायचं नाही, आणि उतरतेच ती, आपण आधीच पळतो म्हणून बघायला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी एक पाऊल आत. यात नवीन काही नाही, मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या पोराची सशाची भीती अशीच घालवली, तो खाऊ खात असताना ससा रोज थोडा जवळ आणून. मी त्यात माझी एक भर घातली, मुद्दाम त्याला नजरेआड होऊ द्यायचं. कोळी दिसतोय तोवर बघा, मग पाठ फिरवून चहा करा. परत आल्यावर तो तिथे नसला तर शोधायचं नाही. ही पायरी तिला सगळ्यात जड गेली, तीन आठवडे लागले.

नवऱ्यालाही एकदा बोलावलं. भला माणूस, पण सुटका करायला धावून धावून त्यानेच तिला खात्री पटवली होती की एकटीने जमणार नाही. आणि घरच्यांसाठी सांगते, "एवढ्याशा किड्याला काय घाबरायचं" हे वाक्य बंद करा (तसा कोळी किडा नाहीच, किड्याला सहा पाय असतात याला आठ), आणि गंमत म्हणून रबरी कोळी अंगावर टाकणाऱ्या दिराला माझ्याकडे पाठवा.

बाकी घरात करायचं ते करावंच. जळमटं काढा, फक्त घाबरत घाबरत रात्री अकराला नको, दिवसा काढा. गॅलरीतला पांढरा दिवा बदलून पिवळा लावा, चिलटं कमी येतात, मग कोळीही कमी. ड्राय बाल्कनीतली खोक्यांची रास कमी करा. बाहेर सोडायचा तर काचेचा ग्लास उपडा घालायचा आणि खालून लग्नपत्रिका सरकवायची, जाड असते ती, नाहीतरी फेकवत नाही आपल्याला. मात्र तुम्ही एखाद्या खोलीत जाणंच बंद केलं असेल, झोप उडाली असेल, घर बदलायचं बोलत असाल तर ग्लास-पत्रिकेवर थांबू नका, समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, या भीतीवर काम तुलनेने लवकर होतं.

(मनावरची जळमटं असं काही मी लिहिणार नाही, निश्चिंत राहा.)

दिवाळीच्या आधी तिचा व्हॉइस मेसेज आला. माळ्यावरून फराळाचे डबे काढताना तो मोठा, चपटावाला निघाला. ती ओरडली, अगदी जोरात, सोसायटीने ऐकलं म्हणे. मग स्टुलावरून उतरली, नवरा घरातच होता पण त्याला हाताने थांब म्हणाली, ग्लास आणला तर त्यात तो मावेना, शेवटी श्रीखंडाचा रिकामा डबा. पत्रिका मुलीने सरकवली. पाय लटलट कापत होते पण दोघींनी मिळून टेकडीच्या बाजूच्या भिंतीपलीकडे सोडला.

मग खाली एक टाइप केलेला मेसेज होता. "पण मॅडम, आता घरात मोठा कोळी दिसला तर तो हाच परत आलाय की दुसरा आहे हे कसं कळणार?"

मी लिहिलं, "नाही कळणार."

बराच वेळ नुसत्या दोन निळ्या टिका दिसत राहिल्या. मग आलं, "बरं."