"आधी माझं सामान, मग मुलीची भेट"

"मॅडम, आधी माझे दागिने आणि भांडी परत येऊ देत, मग बघू मुलीला कधी भेटवायचं ते." हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकलंय की सुरुवात झाली की पुढचं कळतं. दुसऱ्या बाजूने येतं ते असं: "मुलीला भेटू देत नाही ना? मग एका चमच्यालाही हात लावू देणार नाही." सामान मिळेपर्यंत भेट अडवायची का, हाच प्रश्न गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारला, म्हणून मेघना आणि सचिनबद्दल लिहितेय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

दोघं वेगळे राहायला लागून आठ महिने झाले होते. मेघना सहा वर्षांच्या ओवीला घेऊन माहेरी, सचिन हप्ते चालू असलेल्या फ्लॅटमध्ये. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा हे ठरलेलं. अडलं होतं सामानावर आणि ओवीवर. मेघनाने वहीच्या कागदावर त्रेसष्ट वस्तू लिहून आणल्या होत्या, वॉशिंग मशीनपासून शेवयांच्या साच्यापर्यंत. सचिनची यादी मोबाइलमध्ये. एकमेकांचं नाव कोणी घेत नव्हतं. "त्याला सांगा", "हिला विचारा", सगळं माझ्यामार्फत.

अशा याद्या बाजूला ठेवून आधी मनातलं बोला, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मी यादी मोठ्याने वाचायला लावते. वाचताना आवाज कुठे अडतो, तिकडे माझे कान असतात. इतक्या वर्षांत या सवयीने मला क्वचितच दगा दिलाय.

मेघनाचा आवाज अडला चाळिसाच्या पुढे कुठेतरी. "चांदीची वाटी-चमचा."

सचिन लगेच म्हणाला, "ती माझ्या बहिणीने दिलीय. ती आमच्याकडची."

"दिली माझ्या मुलीला."

त्यानंतरची पंधरा मिनिटं वाटीवरच गेली. फ्लॅटच्या हप्त्यांवरही इतकं ताणलं नव्हतं. पुढच्या वेळी येताना वाटी घेऊन या, एवढंच मी सांगितलं.

तिने ती रुमालात बांधून आणली. काळपट पडलेली, काठाला एक पोचा. ओवी लहान असताना जेवताना वाटी आपटायची, त्याचा. मी ती सचिनच्या हातात दिली. "नाव घातलंय ना? वाचा."

त्याने वाटी उजेडाकडे तिरकी धरली. "चि. ओवी हीस, आत्याकडून." खाली बारशाची तारीख.

"यात तुमच्या दोघांपैकी कोणाचं नाव आहे?"

कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हातचं जातं. सचिन अंगठ्याने त्या पोच्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला वाटी नकोय मॅडम. ताई रोज फोन करते. पोरगी नीट जेवते का, विचारते. मला सांगता येत नाही." आणि पहिल्यांदाच तिच्याकडे वळून, "मेघना, जेवते का गं ती?"

"वरणभात जेवते. भाजी म्हणजे फक्त भेंडी. तुझंच सगळं." मग तिला रडू आलं. "एकेक वस्तू परत घेतली नाही ना, तर मी नऊ वर्षं त्या घरात होते, हे कोणाला खरंच वाटणार नाही."

सरळ विचारता येत नाही ते माणूस वस्तूआडून विचारतो. सचिनला मुलीची ख्यालीखुशाली हवी होती, तो वाटी मागत होता. मेघनाला संसाराची पोच हवी होती, ती शेवयांचा साचा मागत होती. माझी श्रद्धा आहे की कुटुंब हे विणलेलं असतं, एक धागा काढला तरी बाकीचे राहतात. नवरा माजी होतो, बायको माजी होते. माजी आत्या असं आपल्या भाषेत कोणी म्हणत नाही. ती वाटी घडवून घेताना आत्याने जे नातं कोरलं, ते कोणत्याही न्यायालयात संपणार नव्हतं, आणि ते दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. मी सांगून ते पोचलं नसतं.

त्या दिवशी मी त्यांना दोन वह्या करायला लावल्या. एक सामानाची, एक ओवीची. एका वहीतला विषय दुसरीत आणायचा नाही, त्यासाठी दिवसही वेगळे. भेट हा मुलीचा हक्क आहे, सामान सोडवून घेण्यासाठी ठेवलेलं तारण नव्हे. पोटगीचंही तसंच. ती थकली म्हणून भेट बंद, किंवा भेट मिळाली नाही म्हणून पोटगी बंद, हे न्यायालयातही चालत नाही.

सामानाच्या वहीत कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. स्त्रीधन, म्हणजे बायकोला स्वतःला मिळालेले दागिने-वस्तू, पूर्णपणे तिचंच, सासरच्यांकडे ते फक्त सांभाळायला ठेवलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलंय. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निर्णय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली न्यायालय करू शकतं. पण मिक्सरसाठी तिथवर जायची वेळ का आणायची? लॉकर दोघांच्या नावे होता. दोघांनी मिळून उघडला, सोनाराकडे वजन करून घेतलं, फोटो काढले, सह्या केल्या. सामान हलवायच्या दिवशी ओवीला घरात ठेवायचं नाही, हे मी निक्षून सांगितलं. भिंतीवरचं कपाट निघून मागे राहिलेला पांढरा चौकोन मुलं विसरत नाहीत. ओवीच्या वस्तू कोणाच्याच यादीत नाहीत. सायकल, रंगपेटी, लसीकरणाचं कार्ड, आधार, सगळं तिचं. कागदपत्रांच्या प्रती दोन्ही घरी. दात घासायचा ब्रश आणि रात्रीचे कपडेही दोन्हीकडे, म्हणजे पोर दर शनिवारी प्रवासाला निघाल्यासारखी बॅग भरणार नाही.

ओवीच्या वहीत "सोयीनुसार भेट" असं लिहू नका, मी सगळ्यांनाच सांगते. सोय कोणाची, यावरच पुढचं भांडण होतं. शनिवारी दुपारी चार, रविवारी संध्याकाळी सहा, आणायला कोण, सोडायला कोण, बुधवारी व्हिडिओ कॉल जेवणाआधी. परत आल्यावर "तिकडे काय झालं?" विचारायचं नाही. "दमलीस का? भूक लागली का?" पुरे. आणि निरोप मुलीच्या तोंडून पाठवायचे नाहीत, फीचा तर नाहीच.

परस्पर संमतीच्या अर्जाआधी 1 वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. उरलेले चार महिने मी त्यांना याच वेळापत्रकाची तालीम करायला लावली. अर्जानंतरचा 6 महिन्यांचा थांबा माफ होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलंय, पण पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं खरोखर मिटलेलं असेल तरच. तालमीत दोनदा फिसकटलं. एकदा सचिन दोन तास उशिरा आला, एकदा मेघनाच्या आईने दार उघडलं नाही. दोन्ही वेळा त्यांनी मला फोन न करता एकमेकांना केला. याचा मला आनंद आहे.

मे महिन्यात ओवी आठ दिवस आत्याकडे गेली. वाटी मेघनाने स्वतः चिंचेने घासून बॅगेत ठेवली.

आता गणपतीचं ठरतंय. सचिनकडे दीड दिवसाचा, मेघनाच्या माहेरी गौरी. दीड दिवस तिकडे, मग इकडे, हे मेघनानेच सुचवलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीला आणायला तिने जायचं की त्याने आणून सोडायचं, एवढ्यासाठी दोघं शुक्रवारी येणार आहेत.