जुनी स्विफ्ट मागून बसली आहे, स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालावेत का?

तुमची 2008 ची पेट्रोल स्विफ्ट म्हापशात उघड्यावर उभी असते, मागे तिघं बसली की गतिरोधकावर घासते, नवे शॉकअप टाकूनही उंची वाढली नाही आणि आता गॅरेजवाला 'बफर घाला' म्हणतो. बफर घालू नका. मागच्या दोन्ही स्प्रिंगा बदला.

शॉकअपने फरक पडणार नव्हताच. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त तिचं उसळणं आवरतो. शॉकअप गेला तर गाडी डुलते, पण खाली बसत नाही.

आधी मोजून बघा. सपाट जागा, गाडी रिकामी, चारही टायरांत योग्य हवा. मागची बाजू दोनतीनदा दाबून सोडा आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा मापात शिरते. डाव्या-उजव्यात 10-12 मिलिमीटरहून जास्त फरक आला तर खालच्या बाजूची स्प्रिंग मोडलेली असू शकते. बरेचदा खालचा अर्धा वेढाच तुटतो आणि तुकडा बैठकीतच, म्हणजे स्प्रिंग टेकते त्या वाटीतच, अडकून राहतो, त्यामुळे वरून काही कळत नाही. टॉर्च घेऊन खाली वाकूनच बघावं लागतं.

आपल्याकडे हे जास्त होतं, कारण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. लाल चिखल स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत साचतो, ओल धरतो, खडीने रंग उडालेला असतो, तिथून गंज तार खातो. तारेचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. 12 मिलिमीटरची तार 11 झाली की त्या भागाचा कडकपणा जवळपास 30 टक्के उतरतो, आणि खड्डे पडलेल्या जागी चीर सुरू होते.

बफर म्हणजे दोन वेढ्यांत अडकवलेला रबर. गाडी उचलल्यासारखी दिसते, पण ते वेढे काम करायचे थांबतात, सगळा मार बाकीच्यांवर जातो आणि गंजलेली स्प्रिंग बफरच्या कडेला तुटू शकते. शिवाय रबराखाली पाणी राहतं ते वेगळंच. कुणी स्प्रिंग गरम करून ताणून देतो म्हणालं तर गाडी तिथून काढा, पोलादाचं पाणीच उतरतं, म्हणजे टणकपणा जातो.

नवी स्प्रिंग चॅसी नंबर देऊन घ्या. पेट्रोल-डिझेलच्या स्प्रिंगा सारख्या असतीलच असं नाही, दिसायला त्या जुळ्या वाटतात. भंगारातली घेऊ नका, ती कुठल्या समुद्रकाठची गंजलेली असेल कोण जाणे. जोडीबरोबर वरखालचे रबरी पॅड आणि बम्प स्टॉपही (गाडी पूर्ण दबली की धक्का झेलणारे रबर) घ्या. चेपलेला पॅडच कधी कधी 5 मिलिमीटर खातो.

मागचं काम सोपं आहे, कारण या गाडीत स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी आहे. पुढच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, पहिला गिअर टाका, बॉडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर कधीही नाही. बीमखाली (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) दुसरा जॅक धरून दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि बीम हळूहळू उतरवा. ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) ताण येतोय का ते सतत बघा. स्प्रिंग हाताने निघते. नवी बसवताना तिचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलंच पाहिजे, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात खाडकन फिरेल. शॉकअपचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावर घट्ट करा. बीम लोंबकळत असताना आवळले तर बोल्टाभोवतीचा रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

पुढच्या स्प्रिंगांना मात्र घरी हात लावू नका. त्या शॉकअपवर दाबून बसवलेल्या असतात. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता मधलं नट सैल केलं तर माणूस मरू शकतो.

नंतर हेडलाइट तपासा. मागची बाजू बसली असताना झोत वर मारत होता आणि कुणी तो खाली ओढून घेतला असेल, तर आता तो बोनेटसमोरच पडेल. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल आणि मागच्या बीमला जोडलेला ब्रेकचा वजनानुसार दाब देणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याचं सेटिंगही बघून घ्या. पाचशे किलोमीटरनंतर तीच टेप पुन्हा लावा, नवी स्प्रिंग थोडी बसतेच.

पावसाआधी गाडीखाली जळकं ऑइल मारून घेता ना, ते बंद करा. रबरी बुश त्याने फुगून सुटतात. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याचा पाइप स्प्रिंगच्या बैठकीत धरा, लाल पाणी यायचं थांबेपर्यंत.