आखडलेला हात आणि एकदम सोडलेला हात

तुमच्या पत्राचा गाभा असा आहे. वडिलोपार्जित घर विकून वाट्याला आलेली रक्कम गेली तीन चांद्रवर्षे बिनव्याजी चालू खात्यात पडून आहे. घरखर्चावरून पत्नीशी वरचेवर खटके उडतात. एका नातेवाइकाने चारचौघांत तुम्हाला कंजूस म्हटले आणि तो शब्द इतका जिव्हारी लागला, की ती सगळी रक्कम रुग्णालयातील एका कक्षासाठी द्यावी आणि त्यावर वडिलांच्या नावाची पाटी लावावी, असे तुम्ही जवळजवळ ठरवले आहे. हे औदार्य होईल की अविचार, असे तुम्ही विचारता, आणि घरातले सर्व काही दानासाठी आणून देणाऱ्या, प्रेषितांचे साथी असलेल्या हजरत अबू बक्र (रजि.) यांचा दाखलाही देता.

मी मुफ्ती नाही. धार्मिक निर्णयासाठी तुमच्या पंथाच्या जाणकार आलिमांना विचारावे. मात्र पैशाचा क्रम लावून देणे हे माझे काम आहे, आणि तुमच्या पत्रात चुकला आहे तो नेमका क्रम.

मराठीत आपण आखडता हात आणि सैल हात असे म्हणतो. कुरआनातील प्रतिमाही हाताचीच आहे: हात मानेला जखडून ठेवू नका आणि अगदी मोकळाही सोडू नका, नाही तर निंदेचे धनी होऊन हतबल बसाल (17:29, म्हणजे अध्याय 17, आयत 29). तुम्ही या आयतीचा पूर्वार्ध अनेक वर्षे मोडलात आणि आता एका दिवसात उत्तरार्ध मोडू पाहता, असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते. अबू बक्र यांचे सर्वस्व प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वीकारले, हे खरे. परंतु तबूकच्या मोहिमेत मागे राहिलेल्या कअब बिन मालिक यांची तौबा (पश्चात्ताप) कबूल झाली आणि त्या आनंदात ते सारी मालमत्ता देऊ लागले, तेव्हा काही भाग स्वतःजवळ ठेवा, तेच तुमच्यासाठी चांगले आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी खैबरमधील आपला वाटा राखून ठेवला. भावनेच्या भरात निर्णय घेणाऱ्या माणसाला मी पहिल्यापेक्षा हा दुसरा दाखला आधी वाचायला सांगेन.

आता हिशेब. संपूर्ण रक्कम शंभर भाग धरली, तर तुमच्याच आकड्यांनुसार मित्राकडून घेतलेले बिनव्याजी कर्ज 15 भाग आहे, वर्षाचा घरखर्च 24 भाग आहे, आणि बहिणीकडून तुम्हाला 8 भाग येणे आहे. पत्रात एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात: या तिन्ही वर्षांची जकात (संपत्तीतून दरवर्षी द्यावाच लागणारा वाटा) राहिली आहे. माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. निसाबाच्या (जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेच्या) वर असलेल्या आणि वर्षभर टिकलेल्या रकमेवरील अडीच टक्के ही देणगी नव्हे; तो हक्कदारांचा वाटा आहे आणि तो अजून तुमच्या खात्यात अडकलेला आहे. मित्राचे कर्ज वजा करून मोजले, तर तीन वर्षांची जकात सव्वासहा भागांच्या आसपास निघते. कर्ज वजा न करणाऱ्या मताप्रमाणे मोजली, तर साडेसात भागांच्या आसपास. सावधगिरी म्हणून मी मोठा आकडा धरेन. पुढच्या वर्षापासून एक हिजरी तारीख ठरवून घ्यावी. सौर वर्षाने मोजायचे असेल, तर दर सुमारे 2.58 टक्के धरावा लागतो, कारण चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान असते.

मित्राचे कर्ज त्याहूनही निकडीचे आहे. ज्याच्यावर कर्ज आहे अशा मृताची जनाजाची नमाज प्रेषितांनी स्वतः पढवली नाही, आणि दुसऱ्याने ते कर्ज अंगावर घेतल्यावरच पढवली, हा प्रसंग तुम्हाला माहीत असेल. मित्र मागत नाही, हा त्याचा मोठेपणा आहे. त्याच्या पैशावर तुम्ही दाते ठरू शकत नाही.

घरखर्चाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, तरी मला इथे थोडे थांबायचे आहे. हिंद बिन्त उत्बा यांनी प्रेषितांकडे पती अबू सुफयान कंजूस असून पुरेसे देत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा स्वतःला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके घ्या, असे उत्तर त्यांना मिळाले. म्हणजे घरच्यांचे पोषण हा उपकार नाही, हक्क आहे. पत्नीला दर महिन्याला पैन्‌पैचा जाब विचारणारा माणूस रुग्णालयाला कक्ष देतो, तेव्हा कंजूसपणा गेलेला नसतो. त्याने फक्त जागा बदललेली असते. म्हणून मासिक रक्कम वाढवा आणि ती मागायची वेळ पत्नीवर येऊ देऊ नका.

कर्ज आणि जकात गेल्यावर साडेसत्त्याहत्तर भाग उरतात. त्यांतील एक वर्षाचा खर्च, म्हणजे 24 भाग, मी बाजूला ठेवायला सांगेन. उरलेल्या साडेत्रेपन्न भागांतून कक्षासाठी जास्तीत जास्त अठरा भाग द्यावेत. हा आकडा मी एक तृतीयांशावरून काढला आहे. आजारी असलेल्या सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना प्रेषितांकडून मृत्युपत्रासाठी तृतीयांशाची परवानगी मिळाली, आणि तृतीयांशही पुष्कळ आहे, वारसांना लोकांपुढे हात पसरावा लागण्यापेक्षा सुस्थितीत सोडून जाणे बरे, असेही सांगण्यात आले. धडधाकट माणसाने हयातीत दिलेल्या दानाला ही मर्यादा शब्दशः लागू होत नाही; मी ती केवळ कुंपण म्हणून वापरतो आहे. बाकीची रक्कम खात्यात निजवून ठेवू नका. अनाथांचा पैसा व्यापारात लावा, नाही तर जकात तो खाऊन टाकील, असे हजरत उमर (रजि.) यांचे वचन आहे, आणि तुमची रक्कम तर महागाईही खाते आहे.

बहिणीचे कर्ज माफ करून तेच जकातीत धरता येईल का, हा प्रश्न तुम्ही शेवटी घातला आहे. बहुतेक फकीहांच्या (इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या) मते ते चालत नाही, कारण त्यात तुमच्या हातून काहीच जात नाही. बुडणारे येणे तेवढे वसूल होते. ती जकातीला पात्र असेल, तर साडेसातमधील मोठा वाटा तिच्या हातात द्या आणि परतफेडीची अट घालू नका. भावाने बहिणीला दिलेल्या अशा पैशात सदका आणि नातेसंबंध जपणे, अशी दोन्ही पुण्ये सांगितली आहेत. जुन्या येण्यासाठी तिला सवड द्यावी (2:280), आणि चारचौघांत त्याचा उल्लेख टाळावा, कारण उपकार बोलून दाखवल्याने दान वाया जाते, असे कुरआन सांगते (2:264).

पाटी लावण्यास मनाई नाही. उघड दान चांगलेच आहे, गुप्त दान अधिक चांगले (2:271). मात्र ती पाटी वडिलांसाठी हवी आहे की त्या बैठकीतील नातेवाइकाला उत्तर म्हणून, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. म्हणून मित्राचे पैसे परत करून महिनाभर थांबा, आणि मगच रुग्णालयाला कळवा.