सवय सुटलेल्या मित्रासोबत सायकलवर निवांत दिवस कसा घालवावा?

तुम्ही रोज सायकल चालवता, मित्राची सवय सुटली आहे, आणि दोघांचाही दिवस मजेत जावा असं तुम्हाला वाटतंय. माझं सांगणं एकच: त्याला पुढे ठेवा आणि शेवटपर्यंत पुढेच राहू द्या.

मला हे उशिरा कळलं. पहिल्या खेपेला मी पुढे होतो. चढ संपला की थांबायचो, तो घामाघूम होऊन पोचला की लगेच निघायचो. म्हणजे विसावा फक्त मला मिळायचा. त्यानंतर वर्षभर त्याने सायकलचं नाव काढलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग गेल्या जानेवारीत अलिबाग ते रेवदंडा ठरवलं. एका बाजूने साधारण १७ किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने सायकली मांडव्याला नेल्या, पुढे टेम्पोने अलिबागला, आणि रात्री त्याच्या आत्याकडे मुक्काम. वार मुद्दाम मंगळवार धरला. शनिवार-रविवारी त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची इतकी गर्दी असते की निवांतपणा विसराच.

तो पुढे असल्यामुळे थांबायचं कुठे हे त्यानेच ठरवलं. आक्षीला शिलालेख बघायला थांबलो. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. एकट्याने मी त्या रस्त्याने कितीदा तरी गेलोय, पण कधी उतरलो नव्हतो.

नागावात माझं मागचं चाक बसलं. माझ्याकडे जादा ट्यूब होती, पाच मिनिटांचं काम. पण तो म्हणाला, "थांब, बघू दे." शाळेत असताना सुट्टीत तो सायकलच्या दुकानात बसायचा. त्याने ट्यूब बाहेर काढली, हवा भरली आणि गालाजवळून हळूहळू फिरवली. शेजारच्या अंगणात सुपारी वाळत होती. तिथल्या आजींनी न मागता घमेलंभर पाणी आणून दिलं, "बसा रे सावलीत" म्हणाल्या. पाण्यात बुडबुड्यांची बारीक माळ उठली. त्याने पॉलिश पेपरने जागा घासली, सोल्युशन लावलं. मी फुंकर मारायला वाकलो तर म्हणाला, "आपोआप सुकू दे." ते सुकेपर्यंत त्याने टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधून काढला. बाभळीचा होता. तो काढला नसता तर नवी ट्यूबही लगेच बसली असती. पाऊण तास गेला, आणि अख्ख्या दिवसातला मला सगळ्यात आवडलेला वेळ तोच.

जेवणासाठी घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून ठेवा, ऐन वेळी गेलं तर मिळेलच असं नाही. आम्हाला बांगडा, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मिळाली. वर तासभर नारळाच्या सावलीत पडून राहिलो. चौल मात्र न थांबताच पार केलं.

रेवदंड्यात रस्ता थेट पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. सायकलवरून त्या भिंतींमधून जाताना दोघंही गप्प झालो. किनाऱ्यावर बसून समोरचा कोर्लईचा डोंगर बघितला, शहाळी प्यायलो, ऊन उतरल्यावर निघालो. आत्याने पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, लावली होती, त्यामुळे अंधाराआधी पोचायचं होतं, तरी मी घाई केली नाही. मडक्यातल्या वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास फाटकापासूनच आला.

शेंगा सोलता सोलता त्याने आत्याला विचारलं, "पांढरा कांदा कधी निघतो गं?" मार्चमध्ये आम्ही परत गेलो. येताना कांद्याची माळ त्याच्या हँडलला होती, आणि पुढेही तोच होता.