वाचकांचे प्रश्न : मुलांचे थेरपी केंद्र चालवताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे विकासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी सेवाभावी केंद्रे चालवणाऱ्यांची आहेत. विषय एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार, ताई. सहा वर्षांपूर्वी आम्ही चार निवृत्त मंडळींनी सुदामानगरात भाड्याच्या तळमजल्यावर मुलांसाठी विनामूल्य थेरपी केंद्र सुरू केले. आज ६० मुलांची नोंद आहे, तीन थेरपिस्ट आहेत आणि महिन्याचा खर्च सुमारे १,३५,००० रुपये आहे. गेल्या वर्षभरात दोन थेरपिस्ट जास्त पगारावर खासगी केंद्रांत गेल्या. मुले नेमलेल्या वेळी येत नाहीत, जवळजवळ एक तृतीयांश वेळ रिकामी जाते. सत्रामागे ५० रुपये घ्यावेत, म्हणजे पालकांना किंमत कळेल, असे कोषाध्यक्षांचे म्हणणे आहे. सेवा म्हटली की ती मोफतच हवी, असे अध्यक्ष म्हणतात. मार्ग सुचवावा.
— एक विश्वस्त, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रात नोंद झालेल्या मुलांचा आकडा आहे, पण महिन्यात प्रत्यक्ष किती सत्रे झाली हा आकडा नाही. कार्यकारिणीतील वादाचे मूळ मला येथेच दिसते. तीन थेरपिस्ट, प्रत्येकीची दिवसाला सहा सत्रे आणि महिन्याचे २४ दिवस धरले, तर आपल्याकडे ४३२ सत्रांची सोय आहे आणि सर्व सत्रे झाली तर एका सत्राचा खर्च साधारण ३१२ रुपये येतो. एक तृतीयांश वेळ रिकामी गेली की २८८ सत्रे उरतात आणि तोच खर्च ४७० रुपयांच्या घरात जातो. थेरपिस्टचा पगार, भाडे, वीज यांतले काहीही न वाढता केंद्र दीडपट महाग झालेले असते, आणि ज्या मुलाला सत्र मिळाले नाही त्याचे नुकसान तर या हिशेबात आलेलेच नाही. म्हणून नोंदवहीच्या पहिल्या पानावर नोंदलेली मुले न लिहिता झालेली सत्रे लिहावीत आणि रिकाम्या गेलेल्या प्रत्येक सत्रापुढे त्याचे कारण लिहावे.

कारणे लिहू लागलात की ५० रुपयांचा प्रश्न आपोआप वेगळा दिसू लागेल. सांवेर किंवा देपालपूरकडून येणाऱ्या आईला एका सत्रासाठी अर्ध्याहून अधिक दिवस घालवावा लागतो, रोजंदारी बुडते, धाकटे मूल कोणाकडे तरी ठेवावे लागते. सप्टेंबरअखेर सोयाबीनची काढणी सुरू झाली की, आणि पुन्हा मार्चमध्ये गव्हाच्या कापणीला, खेड्यांतली मुले दिसेनाशी होतात. हे दुर्लक्ष नव्हे, आणि ५० रुपये घेतल्याने ते थांबणारही नाही. अशा कुटुंबांना आठवड्यातून दोन वेगवेगळे दिवस देण्याऐवजी एकाच दिवशी लागोपाठ दोन थेरपिस्टकडे वेळ द्यावी, भाऊबहिणींना बसायला एक कोपरा ठेवावा, आणि काढणीच्या आधीच्या सत्रांत आईला घरी करायच्या दोन-तीनच गोष्टी हाताला हात लावून शिकवाव्यात. दहा गोष्टींचा छापील कागद दिला तर तो घडी घालून पर्समध्येच राहतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलाचे पोटरीचे स्नायू दीड-दोन महिने ताणले गेले नाहीत, तर टाच पुन्हा जमिनीला टेकेनाशी होते आणि वाढत्या वयात पायाला आधार देणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंटही, लहान पडते. त्यामुळे त्या दिवसांत घरी काय व्हावे, हे आधी ठरवणे केंद्राचेच काम आहे.

तरीही शुल्क घ्यावे असेच माझे मत आहे, मात्र कारण वेगळे आहे. ५० रुपयांनी २८८ सत्रांचे १४,४०० रुपये जमतात, म्हणजे खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा. तेव्हा त्यावर केंद्र चालेल अशी अपेक्षा कोषाध्यक्षांनी ठेवू नये. परंतु केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्या व्यक्तींना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते आणि त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. उपचार मोफत असला की बिल नसते, आणि बिल नसले की दावाही करता येत नाही. खरेच घेतलेले शुल्क, त्याची खरी पावती आणि दावा भरायला पालकांना मदत, एवढे झाले तर कुटुंबाचा पैसा परत येऊ शकतो. आपल्या ६० मुलांपैकी किती जणांकडे दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड आहे आणि किती जणांची निरामयची नोंद चालू आहे, हे या आठवड्यातच पाहून घ्यावे.

शुल्क ठरवताना शून्य, ५०, १५० आणि ३०० असे टप्पे ठेवावेत, टप्पा कुटुंबाशी एकांतात बोलून एकाच व्यक्तीने ठरवावा आणि पावती सगळ्यांना एकाच रंगाची द्यावी. प्रतीक्षाकक्षात चार जणांसमोर उत्पन्नाचा दाखला मागू नये. तो अपमान आई विसरत नाही, आणि काही आया त्यानंतर येतच नाहीत. शुल्क घेतल्याने संस्थेचा धर्मादाय दर्जा जाईल अशी कायद्याची भीती अध्यक्षांना वाटत असेल, तर आयकर कायद्यातील धर्मादाय हेतूच्या व्याख्येत वैद्यकीय मदत आणि शिक्षण हे स्वतंत्र हेतू आहेत आणि व्यापारी स्वरूपाच्या उत्पन्नावरील २० टक्क्यांची मर्यादा 'इतर सार्वजनिक उपयोगाच्या' हेतूंना लागू होते, हे त्यांना सांगावे. आपल्या न्यासपत्रात हेतू नेमका कसा लिहिला आहे, हे मात्र सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे.

आता थेरपिस्ट जाण्याविषयी. आपल्या पत्रातला मला सर्वांत गंभीर वाटणारा भाग हाच आहे. आपल्याकडे वडिलांच्या पुण्यतिथीला मुलांना जेवण देणारे, व्हीलचेअर देणारे, खोलीवर नावाची पाटी लावून घेणारे दाते भेटतात आणि त्यांच्या मनातला भाव खरा असतो. पण पगारासाठी पैसे द्या म्हटले की तो 'प्रशासकीय खर्च' ठरतो. थेरपी केंद्रात पगार हाच उपचार आहे. कित्येक वर्षांपूर्वी मी ज्या केंद्राचे काम पाहत असे, तेथे मंजूर झालेले अनुदान पाच महिने उशिरा आले. आमची ऑक्युपेशनल थेरपिस्ट (जेवणे, कपडे घालणे अशी रोजची कामे मुलाला शिकवणारी) तीन महिने अर्ध्या पगारावर राहिली आणि मग गेली. तिला दोष देण्याची माझी तेव्हाही हिंमत झाली नाही. तिच्याकडे येणारा सहा वर्षांचा एक मुलगा वरणभाताचा चमचा स्वतः तोंडापर्यंत नेऊ लागला होता. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, आणि ती किती जाड हवी, कोपराला कोठे आधार द्यायचा, हे तिच्या हाताला ठाऊक होते, आमच्या कागदांत ते कोठेही लिहिलेले नव्हते. नवी थेरपिस्ट मिळेपर्यंत अडीच महिने गेले. तो परत आला तेव्हा चमचा मुठीत धरीत होता, पण कोपर उचलत नव्हता, कारण घरी आईने पुन्हा भरवायला सुरुवात केली होती.

त्यानंतर आम्ही दोन नियम केले. चार महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या ठेवीत राहील आणि ती इतर कशासाठीही मोडली जाणार नाही, हा पहिला. एका वर्षाच्या मंजुरीवर कायमचे पद निर्माण करायचे नाही, हा दुसरा. कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे त्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसा, अवश्य मागावा. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते आणि कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो, तो आपल्याकडे आहे. मात्र हा पैसा हप्त्यांनी येतो, हे धरून चालावे. शहरातील दात्यांसमोर मागणी ठेवायची तर 'एका मुलाचा एक महिना' अशी ठेवून पाहावी : आठ सत्रे, आजच्या खर्चाने ३,७५० रुपये. पुण्यतिथीचे जेवण देणारे कुटुंब हे आनंदाने करते, असा माझा अनुभव आहे. २,००० रुपयांवरील रोख देणगीला दात्याची आयकर सवलत ('८०जी' म्हणून ओळखली जाणारी) मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगावे आणि देणग्यांचे विवरण दरवर्षी ३१ मेपूर्वी भरून त्यांना प्रमाणपत्र पोहोचवावे.

आणि खासगी केंद्राइतका पगार देता आला नाही, तरी दिवसाचा एक तास नोंदी लिहायला मोकळा ठेवणे, पंधरवड्यातून एकदा अनुभवी तज्ज्ञाबरोबर अवघड मुलांविषयी बोलण्याची सोय करणे आणि प्रशिक्षणासाठी पगारी रजा देणे आपल्या हातात आहे. तरुण थेरपिस्ट पगारासाठी जातात हे खरेच आहे. पण अडलेल्या मुलाबद्दल विचारायला कोणी नसते, म्हणूनही त्या जातात.

प्रश्न : आमच्या केंद्रात दोन वर्षे मदतनीस असलेली एक हुशार मुलगी स्पीच थेरपिस्टचे काम पाहून पाहून शिकली आहे. थेरपिस्ट मिळत नाही. तिला स्वतंत्रपणे सत्रे घेऊ द्यावीत का?
— केंद्र समन्वयक, देवास

उत्तर : नाही. वाचा-उपचार, विशेष शिक्षण आणि चिकित्सा मानसशास्त्र यांत काम करणाऱ्यांना भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ नुसार परिषदेच्या नोंदवहीत नाव असावे लागते आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी हे व्यवसाय २०२१ च्या वेगळ्या कायद्याखाली येतात. शिक्षेपेक्षाही मला काळजी वाटते ती मुलाची : घास गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला कोणत्या स्थितीत बसवून काय भरवायचे, हे पाहून पाहून शिकण्यासारखे नाही, चुकले तर अन्न श्वासनलिकेत जाते. तिने थेरपिस्टच्या देखरेखीखाली ठरवून दिलेला सराव घ्यावा, मूल्यमापन करू नये, अहवालावर सही करू नये. आणि ती खरोखर हुशार असेल, तर संस्थेने तिच्या शिक्षणाचा खर्च उचलावा. सीहोरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य पुनर्वसन संस्था आणि भोपाळचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आपल्यापासून फार लांब नाहीत. तेथील अभ्यासक्रमांची चौकशी करावी. देवासची मुलगी शिकून देवासला परतण्याची शक्यता बाहेरून आणलेल्या थेरपिस्टपेक्षा किती तरी अधिक आहे.

प्रश्न : आमच्या केंद्रातील हिंदीभाषक थेरपिस्ट मराठी पालकांना सांगतात की मूल उशिरा बोलत असेल तर घरी मराठी बंद करून फक्त हिंदी बोला. एका आजींनी हे ऐकून माझ्यासमोर डोळ्याला पदर लावला. थेरपिस्टना काय सांगू?
— एक स्वयंसेविका, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : हा सल्ला थांबवावा, एवढे स्पष्ट सांगावे. दोन भाषा कानावर पडल्यामुळे बोलणे उशिरा येते, या समजाला संशोधनाचा आधार नाही. स्वमग्न मुलांच्या आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या अभ्यासांतही घरच्या भाषेने त्यांचे नुकसान झाल्याचे दिसलेले नाही. नुकसान होते ते आजी गप्प बसल्याने. जी बाई दिवसभर त्या मुलाशी बोलते, गाते, रागावते, तिला परक्या भाषेत बोलायला लावले की तिचे बोलणे निम्म्यावर येते आणि मुलाच्या कानावर पडणारी भाषाच आटते.

एक तपासणी मी स्वतः पाहिली आहे. चार वर्षांच्या मुलासमोर चित्रे ठेवून त्याला हिंदीत नावे विचारली जात होती. मांजराचे चित्र पाहून तो 'माऊ' म्हणाला, मग 'मांजर' म्हणाला, आणि कागदावर 'बिल्ली'पुढे फुली पडली. पोळीचे, केळ्याचेही तसेच झाले. वीसपैकी त्याला सात शब्द आले असे लिहिले गेले. आजीला शेजारी बसवून पुन्हा मोजले तेव्हा ते चौदा निघाले. तेव्हा दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजावेत आणि घरात वापरल्या जाणाऱ्या पन्नास-साठ शब्दांची यादी आजीकडूनच लिहून घ्यावी. इंदूरच्या मराठी घरांत मोठ्यांच्या बोलण्यातही हिंदी सहज मिसळते, त्यामुळे मुलाचे मिसळलेले वाक्य हा दोष मानू नये. माळवी आणि निमाडी बोलणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे. मात्र उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी झाली आहे ना, हे आधी पाहावे; ती राहून गेलेली मुले आजही केंद्रांत आढळतात.

प्रश्न : निधी देणारी कंपनी मुलांची नावे आणि उपचाराआधीची व नंतरची छायाचित्रे मागत आहे. नकार दिला तर निधी जाईल अशी भीती वाटते.
— सचिव, इंदूर

उत्तर : नावे देऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट आहे. पण उपचार बंद होईल या धाकाने पालकांनी केलेल्या सहीला मी संमती मानत नाही, म्हणून सही मिळाली तरी छायाचित्रे देऊ नयेत असे मला वाटते. नोंदणी अर्जातच 'छायाचित्राला नकार दिल्याने उपचारावर परिणाम होणार नाही' हे वाक्य छापावे. याच निमित्ताने थेरपीच्या खोल्यांच्या दारांना काच बसवून घ्यावी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी, आणि मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, हे मदतनिसांपर्यंत सर्वांना समजावून सांगावे.

कंपनीला झालेल्या सत्रांचा महिनावार तक्ता द्यावा, आणि त्यासोबत नाव न घेता लिहिलेली साधी वाक्ये : 'पाच वर्षांचा मुलगा, जूनमध्ये आधाराशिवाय बसत नव्हता, नोव्हेंबरात वीस मिनिटे बसून बुटाची चिकटपट्टी स्वतः लावतो.' अधिकाऱ्यांना केंद्र पाहायचे असेल तर रविवारी, मुले नसताना बोलवावे, थेरपिस्टने रिकाम्या खोलीत साधने दाखवावीत, आणि ज्या पालकांना स्वतःहून बोलायचे असेल त्यांनी तेवढ्यापुरते यावे.