जाळीवरचा तारा आणि चॅसीवरचा क्रमांक

प्रश्न : आजोबांनी तंबाखूच्या वाहतुकीसाठी घेतलेला ट्रक आमच्या शेतात उभा आहे. पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा आहे. कागदपत्रे हरवली आहेत. मॉडेल कसे ओळखावे? — एक वाचक, निपाणी

उत्तर : टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन कंपनी डायम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षे चालला आणि त्या काळात जमशेदपूरला बनलेल्या ट्रकांवर हा तारा असे, त्यामुळे आपला ट्रक बहुधा तेव्हाचाच असावा. तरीही केवळ ताऱ्यावर विसंबू नये, कारण जाळी आणि बॉनेट बदलणे हे गॅरेजांतले नित्याचे काम होते.

खरी ओळख चॅसीवर, म्हणजे ट्रकच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेल्या क्रमांकात असते. पुढच्या चाकाजवळची चॅसीची लोखंडी बाजू रॉकेलने भिजवून तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासावी. ग्राइंडर मात्र मुळीच लावू नये; गंजासोबत अंकही जातात, आणि असे झालेले पाहून मला फार वाईट वाटते. इंजिनाच्या ब्लॉकवर ‘ओएम ३१२’ असे आढळले, तर ते सहा सिलिंडरांचे, सुमारे ४.६ लिटरचे डिझेल इंजिन होय. ट्रकचा एखादा ओतीव (साच्यात धातू ओतून केलेला) भाग तुटलेला असला, तरी फेकू नये. तो नमुना म्हणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) दाखवता येईल.