ताडोब्याजवळचा होमस्टे ॲपवर दिसते, पण पैसे आधीच भरायचे म्हणते. भरू का?

भरा, पण ॲपमधेच भरा, मालकानं व्हाट्सॲपवर क्यूआर पाठवून "डायरेक्ट द्या, हजार रुपये कमी करतो" म्हटलं तं एक रुपया नका पाठवू. आम्ही मोहर्ली रोडवर दोन खोल्या एअरबीएनबी ॲपवर देतो म्हणून सांगतो, तुम्ही भरलेले पैसे आमच्या हातात लगेच येत नाही, पाहुण्याची यायची ठरलेली वेळ झाली की त्याच्यानंतर साधारण २४ तासांनी ते सुटते, म्हणजे खोलीच नसली, नाही तं फोटोतली नसली, तं तेवढ्यात तक्रार करता येते, क्यूआरवर दिलेले मात्र गेले समजा. अन् रिव्ह्यू पाहतानी नुसते स्टार नका पाहू, "रात्री लाइट गेली तं काकूनं चुलीवर भाकरी करून दिली" असं लिहिणारा माणूस खरंच राहून गेलेला असते. फक्त एक, खोलीच्या पैशात सफारी येत नाही, तिचं बुकिंग वनविभागाच्या साइटवर वेगळं करा लागते अन् मंगळवारी ताडोबा बंद राहते, म्हणून आधी सफारी पक्की करा, मंग खोली. पैसे बाहेर पाठवून बसले असान तं आत्ताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.